गाऱ्हाण्यात मागितलेला भाव

वाहणा झिजल्या नव्हत्या.

विनितानं जोड उलटा करून पाहिला, पदराच्या टोकानं पुसून पाहिला. गेल्या वैशाखात पेडण्याहून आणला तेव्हा होतं तसंच तळाचं चामडं पिवळंधमक, टाचेचे खिळे चकचकीत. वर्षभराचा ऊन-पाऊस खाऊन वरचे पट्टे काळे पडले होते, पण तळव्याला मातीचा कणसुद्धा लागला नव्हता. सातवणीच्या सावलीत, राखणदाराच्या धोंड्यापुढे ती तशीच उकिडवी बसून राहिली आणि एवढ्या उकाड्यात तिच्या अंगावर काटा आला.

तोरस्करांच्या काजूच्या बागेला हा राखणदार कधीपासूनचा, ते धारगळात कुणालाच ठाऊक नाही. रात्री तो बागेची शीव फिरतो, फिरून फिरून त्याच्या वाहणा झिजतात, म्हणून वैशाखातल्या पहिल्या बुधवारी ऐन माध्यान्ही त्याला नवा जोड, रोट, विडी आणि हुराकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या दारूचा, पेला असं देणं द्यायचं आणि घरच्या पुरुषानं गाऱ्हाणं घालायचं. विनिता लग्न होऊन डिचोलीहून आली तेव्हा तिला याचं हसू आलं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जुना जोड तिच्या हातात ठेवला. टाचा पार कागद झालेल्या. त्यानंतर ती कधी हसली नाही. गेली पाच वर्षं मात्र दर वर्षीचा जोड कमी कमी झिजत चालला होता. ती बघत होती आणि कुणाला बोलत नव्हती, कारण अशा गोष्टी बोलल्या की पक्क्या होतात असं तिला वाटे.

नवा जोड तिनं धोंड्यापुढे मांडला आणि मागे वळली. या दिवसांत धारगळचा सगळा डोंगर पिकल्या बोंडूंच्या, काजूच्या फळांच्या, वासानं घमघमतो. वास येत होता, नाही असं नाही; पण तो शेजाऱ्यांच्या गडग्यापलीकडून येत होता. तोरस्करांच्या झाडांवर मोहर आला होता तसा वाळून काळा पडला होता. एकाही झाडाखाली बोंडू पडला नव्हता, म्हणून माशीही नव्हती आणि पाखरूही नव्हतं.

घराच्या पुढच्या बलकांवात, म्हणजे उघड्या ओसरीत, सोप्याच्या दगडी बाकावर सिद्धी डाव्या कुशीवर निजली होती. डोळे उघडे, हात पोटावर.

"आई, सकाळधरून हलाक नाय गो," ती म्हणाली.

सिद्धी विनिताची एकुलती एक लेक. लग्न करून डिचोलीला दिलेली, पणजीला हिशेबतपासनीसांच्या कचेरीत नोकरी. पाच वर्षांत दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. हे तिसरं. सातवा लागला तशी विनितानं तिला माहेरी आणून ठेवली होती आणि तेव्हापासून ती स्वतः धड झोपली नव्हती.

"डाक्तरणीक फोन केलंस?"

"केलंय. म्हणाली, गोड कायतरी खा, कुशीर नीज, दोन तास बघ. नाय हललां तर म्हापशाक ये."

"दोन तास कशाक? आताच जाव."

"काका गाडी घेवन येताच मा. तेव्हड्यान बघूया." सिद्धी हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

विनितानं गुळाचा खडा आणून तिच्या तोंडात घातला. सोप्यासमोर आबांची वोल्तेर असायची, लांब हातांची ती आरामखुर्ची. आज तिची जागा रिकामी होती. लादीवर चार पायांचे चार डाग तेवढे दिसत होते. शिवदासनं धुवायला काढली असेल, असं म्हणून विनितानं तो विचार बाजूला सारला.

गौरेशची गाडी आली ती हॉर्न वाजवीतच. धाकटा दीर. मांद्र्याला समुद्राकाठी त्याच्या भाड्याच्या खोल्या होत्या, आणि गोऱ्या पाहुण्यांशी बोलून बोलून आवाज असा मोठा झालेला की घरातही तो खिडकीतून हाक मारल्यासारखा बोले. मागोमाग नणंद सुमंगला उतरली. वास्कोच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेली, बसायच्या आधी सोप्यावरची धूळ बोटानं बघणारी. विनिताचा नवरा शिवदास आतून पंचानं मान पुसत आला आणि नेहमीसारखा कोपऱ्यात टेकला. बंदरातल्या नोकरीत जहाजांची वाट बघत आयुष्य काढलेला माणूस. कुठल्याही भांडणात तो आधी सगळी जहाजं लागू देई, मग बोले. बहुधा तोवर भांडण संपलेलं असे.

"दादा, गिरायक सांजेक फोन करतलो," गौरेशनं बसण्याआधीच सुरू केलं. "दिल्लीचो आसा. बागेक जो भाव दिता, तो आयकलंस तर तुका घाम येतलो. तेका व्हय की नाय सांगूक व्हया."

"सिद्धीक बरा नाय," विनिता म्हणाली. "देणा झाला की लगेच म्हापशाक जावचा. तुमची गाडी लागतली, भावजी."

"जाव की. गाडी काय, मी स्वता येतंय." त्यानं पुतणीच्या कपाळावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. घाई मात्र त्याला फार. "पण तोवर बोलान घेव."

"मी बाग इकूक सही करूची नाय," सुमंगलानं चष्मा पुसत सांगून टाकलं. "आबांचो राखणदार आसा थय. हॉटेल बांदतले तेच्यार?"

"ताय, बागेत आसा काय? पाच वर्सां बी धरूक नाय. आनि तोटी बघ! पाच वर्सांत पाचपट. बागेचे पैशे तोटीत घालूया. आजून पाच वर्सांत आजून पाचपट. नुसती बसान वाडता ती!"

तोटी म्हणजे बेळगावकडची एक कंपनी. नळ, तोट्या, झडपा ओतणारी. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. आबा डिचोलीला खाणीच्या कचेरीत असताना बागेच्या पंपाला तिची झडप बसवली, ती कधी गळली नाही, म्हणून आबांनी तिचे शेअर घेतले. एवढीच अक्कल, असं ते स्वतःच सांगत. आबांच्या पश्चात ते शेअर तिघा भावंडांच्या नावावर आले होते आणि तेव्हापासून तिघंही दिवसातून चारदा मोबाईलमध्ये डोकावत.

"कशान वाडली, काका?" सिद्धीनं निजल्या निजल्या विचारलं.

"कशान म्हणजे? भाव वाडलो."

"भाव कशान वाडलो ता इचारतंय. तोटीचो नफो पाच वर्सांपयली होतो तितकोच आसा. एक पयसो वर गेलो नाय. मी कागद बघले मा सगळे."

"नफो नाय वाडलो तर भाव कसो वाडतलो? कायतरीच."

"पट वाडली," सिद्धी म्हणाली. "आबांनी घेतले तेव्हा लोक वर्साच्या नफ्याच्या सोळापट दीत होते. आज ऐशीपट दितत. नफो तोच, गाय तीच, दूद तितक्याच. गिरायकाच्या तोंडातलो आकडो तेव्हडो पाचपट झालो."

"तर काय झाला? लोकांक तिची किंमत कळली!"

"बरा. आता आजून पाचपट जाव म्हणतास मा? नफो हललो नाय तर पट चारशेर जावक व्हयी. चारशे वर्सांचो नफो आज कोण मोजान दितलो तुका? आनि पट परत सोळार इली तर पाचातलो एक रवलो, चार गेले. ता पण सोड. समज नफो वाडाक लागलो, धा वर्सांत चौपट झालो, आनि पट ऐशीची वीस झाली. भाव खय रवतलो?"

गौरेशनं बोटांवर हिशेब करून पाहिला. "खय?"

"आज आसा थयच. धा वर्सां बसान."

वरून विमान गेलं, त्याची सावली अंगणातून सरकत बागेत शिरली. विनिता मात्र तिथे नव्हतीच. तिला आबांचा आवाज ऐकू येत होता, लकव्यानं वाचा जाण्यापूर्वीचा, खर्जातला.

लग्नानंतरच्या पहिल्या काजूच्या मोसमात याच बलकांवात आबांनी तिला ही गोष्ट सांगितली होती. तिच्या भावांनी डिचोलीला खनिजाच्या तेजीत टिपर घेतले, एकाचे तीन मोजून. त्यावर आबा म्हणाले होते, "बाय, झाड इकत घेताना दोन गोष्टी इचारूच्यो. ता किती दिता? आनि त्या देण्याच्या कितीपट तू मोजतस? पयली झाडाच्या हातात, दुसरी लोकांच्या तोंडात. देणा दुप्पट झाला, पट तीच रवली, तर भाव दुप्पट. देणा तितक्याच रवला, पट दुप्पट झाली, तरीय भाव दुप्पट. वरसून बघणाऱ्याक दोनय सारकेच. पण देणा घरचा माणूस. पट ती पावणी. कदी येयत, कदी जायत, तिच्यार चूल पेटवू नये." वाचा जाईपर्यंत तोटीचे शेअर त्यांनी अठरा वर्षं धरले होते. त्या अठरा वर्षांत भाव आठपट झाला आणि नफाही आठपट. पट होती तिथेच. आबांना त्याचा फार अभिमान होता.

आणि गाऱ्हाण्यात आबा तेवढंच मागत. झाडांक फळ दी, गुरांक फळ दी, लेकी-सुनांक फळ दी, आनि ता बेळगावाक झाड लायलला आसा, तेकाय फळ दी. शेवटी मांडीवर तळव्याची थाप मारून: फळ दी. परत थाप: फळ दी. मग जरा थांबून, मोठ्यानं: म्हाराजा! तिसरी थाप. पोरं पाठीमागे उभी राहून ओरडत, व्हय म्हाराजा!

दोन थापा, मग थांबून एक.

विनिताचा हात सोप्याच्या दगडावर तसाच राहिला. पाच वर्षं. नफा हलला नाही त्याला पाच वर्षं. काजूला बी धरली नाही त्याला पाच वर्षं. सिद्धीचं पहिलं गेलं, त्याला पाच वर्षं होत आली. वाहणा कमी झिजू लागल्या, त्यालाही तेवढीच.

"भावजी," तिनं विचारलं, आणि आवाज तिचा तिलाच परका वाटला, "आबांची वाचा गेली त्या वर्सापासून गाऱ्हाणा तुमी घालतात. काय मागतात तुमी?"

"सगळा आबांसारख्याच."

"सगळा?"

गौरेश हसला. "एक सोडून. आबा जुन्या काळातले, शेअराकय फळ मागीत. शेअराक फळ खय लागता, वयनी? मी सरळ भाव मागलंय. आमच्याकडे आसा तेचो भाव वाडय, म्हाराजा! आनि दिलो की नाय तेना? शेअराचो दिलो, बागेचोय दिलो!"

शिवदासनं कोपऱ्यातून मान वर केली. विनितानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती आबांना बघत होती. लकव्यानं लोळागोळा झालेले आबा, त्यांना दर वर्षी वोल्तेरसकट उचलून सातवणीखाली नेत. गौरेश 'भाव वाडय' म्हणाला की त्यांचा धड असलेला डावा हात खुर्चीच्या हातावर आपटू लागे. दोनदा, मग एकदा. दोनदा, मग एकदा. डोळ्यांतून पाणी. सगळे म्हणत, बगा, आबांक किती आनंद झालो! तीही म्हणाली होती. पेज भरवताना, अंग पुसताना, शेवटच्या आठवड्यातही तो हात तेच सांगत राहिला, आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यांच्याजवळ बसणाऱ्या तिलाच ते कळलं नाही. आबांना जाऊन दहा महिने झाले होते. तिला इतकी लाज वाटली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

मागितलं ते दिलं होतं त्यानं. राखणदार तो, शिवेच्या आत जे आहे तेच इकडचं तिकडे करणार. भाव वाढवायला लागणारं काहीतरी कुठून तरी काढायला हवं होतं, आणि ते त्यानं फळातून काढलं. आता कुणी म्हणेल की बेळगावच्या कारखान्यात तोट्या ओतणाऱ्यांना धारगळच्या देवचाराचं, या राखणदाराचं, काय? त्याचं उत्तर विनिताला नकोच होतं. तिला एवढंच दिसत होतं की सोप्यावर लेक निजली आहे आणि तिच्या पोटात सकाळपासून काही हललेलं नाही.

"आज भाव मागू नकात," ती म्हणाली. "फळ मागा. आबांसारख्या."

"आज?" गौरेश उडालाच. "वयनी, आज तोटीचे वर्साचे आकडे भायर पडतत! बारा वाजता त्यांची बैठक आसा. आजच तर मागूक व्हया!"

"सुमंगला, तू सांग गो," विनितानं नणंदेकडे पाहिलं. मघापर्यंत तीच तिच्या बाजूची होती.

सुमंगलानं चष्मा घातला, काढला. "तसा बघूक गेला तर वयनी, ती झाडां वाळलीच मा." मग भावाकडे वळून, शाळेत नापास पोराच्या बापाशी बोलावं तशा बेतानं तिनं विचारलं, "गौरेश, तो दिल्लीवालो दिता तेतूरसून माज्या वाट्याक काय येतला रे? पर्वरीक आमच्या झिलाक जागा बघतंय, म्हणान इचारलंय."

झालं. बाजू फिरली. दिल्लीच्या गिऱ्हाईकाला न बघताच सुमंगलाच्या मनातला राखणदार पर्वरीला राहायला गेला. शिवदास उठला आणि पंचा झटकून नेहमीचं वाक्य बोलला. "देणा जावंदी पयला."

पोटुशीनं देवचाराच्या जागेवर जायचं नसतं. सिद्धी सोप्यावरच राहिली. "बायो, मी आता येतंय," म्हणून विनितानं तिच्या पोटावर हात ठेवला. कातडी गरम होती. आत काहीच नव्हतं, नुसती शांतता. तिला वाटलं, आपण इथेच बसावं, कुठे जाऊ नये. पण आज तिथे नसणं त्याहून वाईट होतं.

घराच्या मागून चौघं बागेत उतरले. ऊन डोक्यावर आलं होतं, सावल्या पायाखाली गेल्या होत्या. रोज या वेळेला वाऱ्याची एखादी झुळूक चढणीवरून येते, ती आली नाही. पाचोळ्यावर पाय पडले त्याचा आवाज तेवढा मोठा वाटला.

सातवणीखाली, धोंड्याच्या उजव्या अंगाला, आबांची वोल्तेर होती.

"हय कोणी हाडली ही?" सुमंगलानं विचारलं.

"दादान हाडली आसतली."

"मी नाय," शिवदास म्हणाला. "माका वाटला गौरेशान."

"मी आता येतंय मरे मांद्र्यासून!"

विनितानं सकाळी धोंडा धुतला तेव्हा इथे खुर्ची नव्हती. खुर्चीचे पाय पाचोळ्यात रुतले होते, जणू कुणी तरी बराच वेळ बसलेलं असावं. खुर्ची परत नेऊ या असं कुणी म्हटलं नाही, आणि तिला हात लावायला कुणी पुढेही झालं नाही.

शिवदासनं रोट मांडला, विडी पेटवून धोंड्यावर ठेवली, हुराक ओतला. गौरेश चप्पल काढून पुढे झाला. खिशातला मोबाईल त्यानं हातातच ठेवला होता.

"बा राखणदारा, शिवेच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे उबी आसत. वर्साचा देणा तुका पावता केला, ता मानून घे. उणा-अदिक झाला आसात तर पदरात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

विडीचा धूर सरळ वर जात होता. गौरेशचा आवाज चढला. "जसो तू आमका पाच वर्सां भाव दिलंस, तसोच हेच्याफुडे धापट दी! बागेक बरो गिरायक हाडलंस, तेचा मन फिरू नको! आमच्याकडे जा जा आसा, तेचो भाव वाडय..."

ज्याची जागा विकायची, त्यालाच गिऱ्हाईक सांभाळायला सांगत होता बापडा. कुणाला हसू आलं नाही.

कारण तेव्हाच खुर्ची वाजली.

थप. थप. मग थांबून, थप.

गौरेश एक पाऊल मागे सरला. सुमंगलानं शिवदासचा दंड धरला. रिकाम्या वोल्तेरच्या डाव्या हातावर ऊन पडलं होतं, लाकडावर हातानं घासून घासून आलेला तुकतुकीतपणा चमकत होता.

"लाकूड तापला की वाजता," शिवदास म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

थप. थप. थांबून, थप.

विनिताला भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं. पाच वर्षं ऐकलेला आवाज होता तो, पेजेच्या वाटीशेजारी, अंथरुणाच्या कडेला. आणि मेल्यावरही तो माणूस तेच सांगायला परत आला होता, कारण जिवंतपणी कुणी ऐकलं नव्हतं. तोरस्करांच्या घरात बाईनं गाऱ्हाणं घातल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. तिनं गौरेशच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं. तो झाला.

"बा राखणदारा," ती म्हणाली, आणि हात जोडून घेतले. तिनं पुन्हा सुरुवात केली. "बा राखणदारा, आमची चूक झाली. तू दिलंस ता आमी मागलला. आता मी मागतंय ता दी. आमच्या झाडांक फळ दी. गुरांक फळ दी. बेळगावाक आबांनी झाड लायलला आसा, तेका फळ दी. भाव वाडलो तो तुजो, तो तू परत घे. सगळो घे. लोक ऐशीपट दितत ते सोळापट दिवंदेत. एकपट दिवंदेत. माका नको. माज्या चेडवाच्या पोटात आसा, तेका फळ दी." तिनं मांडीवर तळवा आपटला. "फळ दी. फळ दी." आणि थांबून, होता तेवढा जीव काढून, "म्हाराजा!"

जाब आला नाही.

गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा'चा जाब आला नाही तर ते पोचत नाही. विनितानं वळून पाहिलं. गौरेश खाली मान घालून उभा होता, सुमंगला धोंड्याकडे बघत ओठ हलवत होती. दोघांनाही आकडा दिसत असणार. आबांनी अठरा वर्षं आणि राखणदारानं पाच वर्षं वाढवलेला आकडा. तो एका शब्दानं सोडायचा होता.

"व्हय म्हाराजा," शिवदास म्हणाला.

हळू बोलला, पण बोलला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि सगळी जहाजं लागण्याआधी तो बोलला असं पहिल्यांदाच होत होतं. मग सुमंगलाही पुटपुटली, "व्हय म्हाराजा," आणि पदरानं डोळे टिपले. गौरेशचं तोंड मिटलेलंच राहिलं. विडी जळत जळत संपली आणि वाऱ्याची झुळूक चढणीवरून आली.

विनिता धावत सुटली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पाचोळ्यातून, मुळांवरून, पायात चप्पल नसताना. मागून गौरेशच्या मोबाईलचा आवाज आला, मग गौरेशचा.

"वयनी! वयनी, काय केलात तुमी हा!" तो पाठोपाठ धापा टाकत येत होता. "आकडे आयले तोटीचे. नफो वाडलो! पाच वर्सांनी पयल्यांदाच नफो वाडलो, बरो वाडलो, आनि भाव पडता! लोकांक आजून व्हयो होतो म्हणतत. गिरायकच नाय, नुसतो पडता, पडत चल्लो!"

ती थांबली नाही. बलकांवाच्या पायऱ्या चढून ती सोप्यापाशी गुडघ्यांवर बसली. सिद्धी डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होती, दोन्ही हात पोटाच्या बाजूला उचललेले, जणू काही सांडेल की काय.

"आई," ती कुजबुजली, "हात लाव."

विनितानं तळवा ठेवला. आधी काहीच नाही. गौरेश पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला, हातात मोबाईल, तोंड उघडं. मग आतून लागलं, हाताच्या मधोमध, एखाद्यानं तळव्यानं दार वाजवावं तसं.

दोनदा. मग थांबून, एकदा.

"गाडी काडा, भावजी. डाक्तरणीक दाकवन येव," विनिता म्हणाली. हात तिनं उचलला नाही. आणि पोटाकडे वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, ती पुढे म्हणाली, "व्हय, म्हाराजा."